मदत हवी आहे: हळदीचा फायटोसोम सुकतच नाही

तापीकाठ
सोमवारी गाइडना सॅम्पल दाखवायचंय. फायटोसोम म्हणजे शरीरात जास्त शोषला जावा म्हणून लेसिथिनशी (सोयातल्या फॉस्फोलिपिडशी, म्हणजे एक प्रकारच्या मेदाशी) जोडलेला अर्क. हळदीचा अर्क आणि लेसिथिन १:१, इथेनॉलमध्ये दोन तास रिफ्लक्स (वाफ परत थंड करत उकळणं), मग रोटाव्हेपवर (फिरत्या फ्लास्कमध्ये, व्हॅक्यूमखाली) इथेनॉल उडवलं. पावडरऐवजी डिंकासारखा गोळा होतोय. डेसिकेटरमध्येही (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) तसाच. लवकर सांगा.

मेहरूणकर
१:१ वजनाने की मोलने (रेणूंच्या संख्येने)? लेसिथिन कुठलं? अर्क ९५ टक्के कर्क्युमिनॉइडवाला (कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद, हळदीचे पिवळे घटक) की ओलिओरेझिन (तेल-राळेसकट)? एवढं तरी सांग भो.

तापीकाठ
वजनाने. लेसिथिन बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं, पातळ. अर्क लॅबमध्येच काढलेला. त्याने काय होतं?

मेहरूणकर
त्यानेच होतंय सगळं. पातळ लेसिथिनमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास सोयातेल, फॉस्फॅटिडिलकोलिन (कॉम्प्लेक्ससाठी लागणारं मुख्य फॉस्फोलिपिड) जेमतेम १५ टक्के. सोयातेल रोटाव्हेपवर उडत नाही, रात्रभर फिरवलंस तरी. घरच्या अर्कात हळदीचं तेल नि राळ, ते वेगळंच. ९० टक्क्यांच्या वरचं फॉस्फॅटिडिलकोलिन घे आणि मोलने मोज: कर्क्युमिनचा रेणूभार ३६८, फॉस्फॅटिडिलकोलिनचा सुमारे ७८०. म्हणजे १ ग्रॅमला २.१ ग्रॅम. कमी पडलं तर मोकळं कर्क्युमिन उरतं, डीएससीवर (तापवून वितळणं मोजणारी चाचणी) १८० अंशांच्या आसपास त्याच्या वितळण्याचं टोक (पीक) दिसतं.

केळीचं_पान
एवढा खटाटोप कशाला? पिपरीन (मिऱ्यातला तिखट घटक) घाला. १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तर माणसांत उपलब्धता (रक्तात पोचणारं प्रमाण) २००० टक्के वाढली.

सातपुडा_पायथा
पिपरीन ग्लुक्युरोनिडेशन (शरीर औषध बाहेर टाकण्याजोगं करतं ती क्रिया) अडवतं, सोबतच्या औषधांचंसुद्धा. तो वेगळा विषय. तापीकाठ, फायटोसोम सोडा, एसईडीडीएस करा, म्हणजे पोटातल्या पाण्यात आपोआप बारीक थेंब होणारं तेल-मिश्रण. कॅप्रिओल ९० (तेल), क्रेमोफोर ईएल (सर्फॅक्टंट, तेल-पाणी मिसळवणारा), ट्रान्सक्युटॉल (सहद्रावक). सुकवायची भानगडच नाही.

मेहरूणकर
आणि निम्मा सर्फॅक्टंट रोज पोटात? त्याने फायटोसोमचं विचारलंय दादा.

सातपुडा_पायथा
मग कॅप्सूलमध्ये डिंक भरा!

वाघूर
भांडण नंतर. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, तेवढ्या तापावर लेसिथिन ऑक्सिडाइझ होतं. ६० च्या आत ठेवून ढवळा, जमल्यास नायट्रोजनखाली. मग ५-१० मिलीपर्यंत आटवून २० मिली एन-हेक्सेन ढवळत घाला. कॉम्प्लेक्स (लेसिथिनशी जोडलेलं कर्क्युमिन) खाली बसतं, तेल हेक्सेनमध्येच राहतं. गाळून व्हॅक्यूममध्ये रात्रभर, मग तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. चांगलं कॉम्प्लेक्ससुद्धा टेबलावर मऊ पडतं.

तापीकाठ
शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलिन सोमवारपर्यंत कुठून येणार? हेक्सेनही संपलंय. अ‍ॅसिटोन आहे.

वाघूर
मग त्याच लेसिथिनचं तेल काढा. दहापट थंड अ‍ॅसिटोनने तीन-चारदा धुवा. तेल निघून जातं, फॉस्फोलिपिड खाली उरतं. अ‍ॅसिटोन उडवून उरलेलं इथेनॉलमध्ये ढवळा, वरचा निवळ भाग घ्या. त्यात फॉस्फॅटिडिलकोलिन जास्त येतं. कर्क्युमिन त्यानंतरच, कारण ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळून वाहून जाईल.

केळीचं_पान
विकणार असाल तर आधी लायसन्सचं बघा.

तापीकाठ
विकायचं कोणाला? आहे त्या गोळ्यातच एरोसिल (ओल शोषणारी बारीक सिलिका) घालून पावडर केली तर?

मेहरूणकर
दिसेल कोरडी. गाइडनी डीएससी मागितला तर?