१९५०चे नोबेल आणि बिभा चौधुरी : 'हिरावले गेले' हा शब्द बरोबर आहे का?

प्रश्न
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विज्ञान दिनासाठी अकरावीच्या मुलींनी भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावर भित्तिपत्रक केले असून त्यावर ठळक अक्षरांत 'यांचे नोबेल हिरावले गेले' असे लिहिले आहे. कोलकात्याच्या बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी फोटोग्राफिक प्लेट ठेवून अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतील मेसॉन या सूक्ष्म कणांचे माग टिपले, त्यावरील लेख 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले, आणि १९५०चे भौतिकशास्त्राचे नोबेल ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांना मिळाले. मुलींचा राग मला पटतो, परंतु हे विधान टिकेल का?

प्रतिसाद १
राग रास्त आहे, शब्द मात्र बदलावा. प्लेटवरील पायसातून (प्रकाशसंवेदी थरातून, म्हणजे इमल्शनमधून) विद्युत्भारित कण गेला की प्लेट धुतल्यावर त्याची वाट काळ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी उमटते. ठिपके किती दाट आहेत आणि ओळ कितपत वळते यावरून कणाच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. बोस-चौधुरींनी सूक्ष्मदर्शकाखाली हे माग तपासून कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट काढले, तेही कमी संवेदनशील 'हाफ-टोन' प्लेटवर, कारण युद्धामुळे चांगल्या प्लेट मिळतच नव्हत्या. पॉवेल यांच्या गटाने १९४७ मध्ये सुधारित पायसावर पायॉन (मेसॉनचा एक प्रकार) थांबतो आणि तिथूनच म्युऑन हा दुसरा, हलका कण निघतो, हे एकाच चित्रात दाखवले. हा पुरावा आधीच्या कामात नव्हता. बोस-चौधुरींचे ऋण पॉवेल यांनी पुढे आपल्या लेखनात नोंदवलेही आहे.

प्रतिसाद २
वरील उत्तर अचूक आहे, पण अर्ध्याच प्रश्नाचे आहे. नोबेलच्या मानपत्रात दोन गोष्टी आहेत : छायाचित्रण पद्धतीचा विकास आणि तिच्या साहाय्याने लागलेले मेसॉनविषयक शोध. प्रतिसाद १ दुसऱ्या गोष्टीपुरता आहे. पद्धतीबद्दल बोलायचे तर व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ यांचे नाव आधी घ्यावे लागेल. त्यांनी १९२०च्या दशकापासून, अनेक वर्षे पगाराविना, हे तंत्र घडवले आणि १९३७ मध्ये हेर्था वाम्बाखर यांच्यासह इन्सब्रुकजवळ सुमारे २,३०० मीटर उंचीवर ठेवलेल्या प्लेटमध्ये अणुकेंद्र फुटून उमटलेले 'तारे' पाहिले. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते, तरीही पारितोषिक एकट्या पॉवेल यांना गेले. पद्धतीच्या श्रेयात ब्लाऊ नाहीत आणि चौधुरीही नाहीत, याला मी अन्यायच म्हणेन.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलींनी ओळ बदलली आहे : 'पद्धतीच्या श्रेयात ही दोन नावे हवी होती'. ब्लाऊंसाठी अर्धे भित्तिपत्रक मोकळे केले आहे. चौधुरी १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या होत्या, हे वाचून तर मुली थक्कच झाल्या. आपल्याच राज्यात काम केलेल्या या बाईंचे नाव पाठ्यपुस्तकात कसे नाही, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले, तोवर त्यांना जाऊन २८ वर्षे झाली होती. मेसॉनच्या मागाचे स्पष्ट छायाचित्र कुणाकडे असल्यास कृपया कळवावे; ठिपके मुलींना स्वतः मोजून पाहायचे आहेत.