फॉर्म सबमिट केला की माहिती अ‍ॅड्रेस बारमध्ये दिसते, पीएचपीत मात्र काहीच येत नाही

पुस्तकवेडी:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचं साधं पान बनवतेय, एचटीएमएल (पान मांडायचं) आणि पीएचपी (सर्व्हरवर चालणारं) दोन्ही नवीनच, व्हिडिओ बघून बघून इथवर आलेय. फॉर्ममध्ये नाव, गाव, मोबाइल आणि एक फोटो एवढंच आहे. सबमिट दाबलं की पुढचं पान उघडतं पण तिथे पोस्टचा अ‍ॅरे (म्हणजे आलेल्या माहितीची यादी) प्रिंट करून बघितला तर एकदम रिकामा. आणि वर अ‍ॅड्रेस बारमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे मोबाइल नंबर चक्क उघडा दिसतोय, गावाच्या जागी टक्के-टक्के असलेलं काहीतरी लांबलचक (गाव वाई टाकलं होतं, दोन अक्षरं!), फोटोच्या जागी नुसतं फाइलचं नाव, आणि सभासदाचं नाव तर तिथेही नाही. नावाच्या खोक्याला आयडी दिलाय, तो दहादा तपासला, बरोबर आहे. दोन दिवस यातच अडकलेय, रविवारी वाचनालयात दाखवायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.

सर्व्हरवाला:
ताई, तुमचे दोन वेगवेगळे घोळ एकात मिसळलेत म्हणून सापडत नाहीये. पहिला, फॉर्मच्या टॅगमध्ये तुम्ही मेथड (डेटा कसा पाठवायचा ते, गेट की पोस्ट) लिहिलीच नसणार. ती लिहिली नाही की ब्राउझर गेट धरतो, आणि गेटमध्ये सगळा डेटा यूआरएलच्या (पानाच्या पत्त्याच्या) शेपटीला लागून जातो, म्हणून वर दिसतोय. तुम्ही शोधताय पोस्टच्या अ‍ॅरेत, तो आलाय गेटच्या अ‍ॅरेत. मेथड पोस्ट करा, मग तोच डेटा रिक्वेस्टच्या बॉडीतून (पत्त्यातून नाही, आतल्या भागातून) जाईल.
दुसरा घोळ नावाचा. आयडी सर्व्हरला जातच नाही! तो सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि लेबलसाठी. सर्व्हरला जातं ते नेम अ‍ॅट्रिब्यूट, ज्या खोक्याला नेम नाही ते ब्राउझर सरळ सोडून देतो, एरर पण दाखवत नाही. मोबाइल आणि गावाला तुम्ही नेम दिलं असणार, नावाला राहिलं. हेच टिक न केलेल्या चेकबॉक्सचं आणि डिसेबल केलेल्या खोक्याचं पण, ते जातच नाहीत. रीडओन्ली (नुसतं वाचता येणारं) खोकं मात्र जातं.
एफ १२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, सबमिट करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून पेलोड बघा. ब्राउझरने नेमकं काय पाठवलं ते तिथे दिसतं, मग पीएचपीला दोष द्यायचा की एचटीएमएलला ते लगेच कळतं. आणि पोस्ट केलं की डेटा सुरक्षित पण होतो.

कोडकट्टा:
वरचं सगळं बरोबर पण शेवटचं वाक्य नको, नवीन माणूस तेच धरून बसतो. पोस्टमुळे डेटा फक्त अ‍ॅड्रेस बारमध्ये दिसायचा थांबतो, साध्या एचटीटीपीवर बॉडी वाटेत कोणीही वाचू शकतो. त्यासाठी एचटीटीपीएसच (वाटेत डेटा गुप्त ठेवणारं) पाहिजे. पण ते असलं तरी गेटमधली माहिती ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतेच. लोकांचे मोबाइल नंबर आहेत ताई हे, गावातल्या माणसांनी विश्वासाने दिलेले, तेव्हा पोस्ट आणि एचटीटीपीएस दोन्ही करा. गेट ठेवायचं ते पुस्तक शोधायच्या पानासाठी, तिथे उलट फायदा, शोधाची लिंक कोणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते.
टक्क्यांचं घाबरू नका, ते बरोबरच आहे. वाई आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण कॉम्प्युटरसाठी व, काना आणि ई अशी तीन चिन्हं. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि यूआरएलमध्ये एकेक बाइट टक्का अधिक दोन खुणा असा लिहितात, म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३, झाले २७. पीएचपी ते स्वतःच उलगडून परत वाई करून देतं, तुम्ही काही करायचं नाही. फक्त पानाला कॅरसेट यूटीएफ-८ आणि डेटाबेसला यूटीएफ८एमबी४ ठेवा, नाहीतर तिथे प्रश्नचिन्हं येतील.
फोटोसाठी फॉर्मला एनक्टाइप (डेटा कोणत्या रूपात पाठवायचा ते) मल्टिपार्ट फॉर्म-डेटा लिहा. त्याशिवाय फाइलचं फक्त नाव जातं, जे तुम्हाला दिसलंच. मग फोटो पोस्टच्या नाही, फाइल्सच्या अ‍ॅरेत मिळेल.

पुस्तकवेडी:
झालं!! नाव आलं, गाव नीट वाई आलं, खूप खूप आभार दोघांचे. खरंच नेमच राहिलं होतं. आता दोन गोष्टी उरल्यात. माझा जुना फोटो जातो, पण मोबाइलवर काढलेला ५ एमबीचा फोटो टाकला की फाइल्समध्ये एरर १ येतो. आणि नोंदणी झाल्यावर पान रिफ्रेश केलं तर ब्राउझर काहीतरी विचारतो, हो म्हटलं की तोच सभासद परत जमा, आईचं नाव तीनदा आलंय.

सर्व्हरवाला:
एरर १ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी. पीएचपीत एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि अख्ख्या पोस्टची ८ एमबी असते. पीएचपी आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये अपलोड मॅक्स फाइलसाइज वाढवा, पोस्ट मॅक्स साइज त्याहून थोडी जास्त ठेवा. अख्खी पोस्ट त्या मर्यादेच्या वर गेली तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात, तेव्हा परत नेम शोधत बसू नका.
तीनदा येण्याचं कारण म्हणजे रिफ्रेश केलं की ब्राउझर शेवटची रिक्वेस्टच परत पाठवतो, आणि ती पोस्ट होती. डेटाबेसमध्ये नोंद झाली की तिथेच पान दाखवू नका, लोकेशन हेडर (पुढच्या पानाचा पत्ता सांगणारी ओळ) देऊन ३०३ ने (दुसऱ्या पानावर जा, असं सांगणारा कोड) धन्यवादाच्या पानावर पाठवा आणि लगेच एक्झिट लिहा. मग रिफ्रेशला फक्त ते पान परत येतं. हेडरच्या आधी काही छापलं जाता कामा नये, पीएचपी टॅगच्या वर एक रिकामी ओळ असली तरी हेडर आधीच गेले असा एरर येऊ शकतो.

कोडकट्टा:
आणि रिक्वायर्ड (खोकं रिकामं सोडू न देणारं) लावलंय म्हणून सर्व्हरवरची तपासणी सोडू नका, ब्राउझर टाळून थेट रिक्वेस्ट पाठवता येते. मोबाइल १० आकडी आहे का ते पीएचपीत पण बघा, आणि डेटाबेसची क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनेच (क्वेरी आधी आणि माहिती वेगळी देऊन) करा.

पुस्तकवेडी:
३०३ ने काम झालं, पाच वेळा रिफ्रेश केलं, एकच नोंद. आईचे जास्तीचे दोन काढून टाकलेत, आता मोबाइलच्या तपासणीला बसते.