‘श्रावणमासी’त संध्याकाळ झाल्यावर मुली फुलं कशी खुडतात?

सोनचाफा_नाशिक

भाचीला शाळेत बालकवींची ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ म्हणायची आहे. तिची कविता पाठ झाली, अडकले मी. तिसऱ्या कडव्यात ‘झालासा सूर्यास्त वाटतो’ येतं, चौथ्यात आभाळभर संध्याराग. म्हणजे दिवस कलला. मग पाखरं पंख सावरतात, हरिणी पिल्लांसह बागडतात, गुरं चरतात, गुराखी पावा वाजवतो आणि नवव्या कडव्यात मुली परडी घेऊन फुलं-पत्री खुडतात. संध्याकाळनंतर?

मी रोपवाटिकेत काम करते. पारिजातक संध्याकाळी उमलायला लागतो आणि पहाटे त्याचा सडा पडतो, वेचायचा तो सकाळीच. आमच्या आजीने दिवेलागणीनंतर तुळशीच्या पानालाही कधी हात लावू दिला नाही. बालकवी धरणगावचे, खानदेशातल्या रानाशेतांच्या संगतीतले. त्यांना फुलांची वेळ कळत नसेल हे मला पटत नाही. मग या कवितेतली वेळ धरायची कशी? हा एक दिवस आहे की अख्खा महिना?

मात्रा_मोजा

आधी तिसरं कडवं सावकाश वाचा. ‘झालासा सूर्यास्त वाटतो, सांज अहाहा! तो उघडे’. सूर्यास्त झालेला नाही, झाल्यासारखा वाटला. ढग आडवा आला, अंधारलं, तेवढ्यात उघडलं. पुढचं ‘पिवळे पिवळे ऊन’ फक्त झाडांच्या शेंड्यांवर आणि उंच घरांवर आहे, म्हणजे सूर्य खाली आलाय, पण अजून आहे. खरी संध्याकाळ चौथ्या कडव्यात.

पहिल्या कडव्यातही हाच खेळ. ‘क्षणात येते सरसर शिरवे’ या सोळा मात्रा, ‘क्षणात फिरुनी ऊन पडे’ या चौदा. दोन्ही तुकडे ‘क्षणात’नेच उघडतात. पाऊस आणि ऊन एकाच ओळीत बसवलेत. वाचताना मध्ये फार थांबू नका, नाहीतर सर लांबते.

तापीकाठ

माझं गाव जळगाव जिल्ह्यात. कोकणातल्या माणसाला ही कविता थोडी हलकी वाटेल, कारण तिकडे पाऊस दिवस दिवस हटत नाही. आमच्याकडे श्रावण असाच असतो. बांधाच्या अलीकडे सर, पलीकडे ऊन, आणि निंदणाऱ्या बायका डोक्यावरची खोळ काढतात न काढतात तोच पुन्हा शिंतोडे. बालकवींनी पाहिलेला पाऊस हा आहे.

वेळेचं म्हणाल तर ‘श्रावणमासी’ म्हणजे महिन्यात. नागपंचमी, आमच्याकडचा कानबाई देवीचा सण, सोमवार, मंगळागौर, शेवटी पोळा. प्रत्येकाची सकाळ वेगळी. मंगळागौरीची सोळा तऱ्हांची पत्री माझी आई आदल्या दुपारीच आणून ओल्या फडक्यात ठेवायची, सकाळी धांदल नको म्हणून. तेव्हा मुली कोणत्याही दिवशीच्या धरा.

जुनी_वही

मला ही कविता आनंदाची वाटतच नाही. ‘क्षणात’, ‘क्षणात’ म्हणजे काही टिकत नाही. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेला हा मुलगा 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला. वय सत्तावीस. हे ठाऊक असताना ते इंद्रधनुष्य मला निवांत पाहवत नाही.

सोनचाफा_नाशिक

तिघांचेही आभार. जुनी_वही, तुमची हुरहुर मला कळते, पण ती कवितेबाहेरून आलेली आहे. कवितेत सर गेली की ऊन येतं, ऊन झाकलं की पुन्हा उघडतं. जाणाऱ्या गोष्टीसाठी एकही शब्द हळहळत नाही. क्रियापदं बघा: येते, पडे, उघडे, चरती, दरवळला, खुडती. ‘मग’ नाही, ‘नंतर’ नाही. त्या मृत्यूचं दुःख मोठंच आहे, पण ते या दहा कडव्यांवर लादलं तर आपण त्यांचा श्रावण त्यांच्याकडून काढून घेतो.

तापीकाठ, महिना धरल्यावर मला एक दिसलं. कडव्यांचा क्रम वेळेचा नाहीच, जागेचा आहे. आधी नजर वर: इंद्रधनुष्य, ढग, संध्याराग. पाचव्या कडव्यात बगळ्यांची माळ, आणि तिथेच ‘उतरुनि येती अवनीवरती’. बगळ्यांबरोबर कविताही जमिनीवर येते. पुढे पाखरं, कुरण, रान, रानातला चाफा नि केवडा, मग ‘पुरोपकंठी’, म्हणजे गावाच्या वेशीजवळ मुली, आणि शेवटी देवदर्शनाला निघालेल्या बायकांचे चेहरे. आभाळापासून माणसाच्या तोंडापर्यंत. पहिल्या ओळीतला हर्ष शेवटी ‘माइना हृदयात’ इतका होतो, तो या उतरण्यामुळे. मुलींनी फुलं सकाळीच खुडली. बालकवी तिथे शेवटी पोचले, एवढंच.

भाचीला आता सांगितलंय की कवितेतला सगळ्यात मोठा थांबा पाचव्या कडव्याच्या शेवटी, ‘ग्रहगोलचि की एकमते’नंतर घे आणि ‘फडफड करुनी’ नव्या आवाजात उचल. तिला विचारायचं राहिलं होतं ते आठव्या कडव्यातलं ‘भामारोष’, म्हणजे सत्यभामेचा पारिजातक बघून मावळलेला राग. सत्यभामेची पारिजातकाची गोष्ट काल रात्री सांगितली, तर म्हणाली की मग ती ओळ थोडी हसून म्हणायला हवी. तसंच म्हणणार आहे.