फिनिक्स लँडरने पाहिलेले मंगळावरचे दहिवर: दोन शंका

ध्रुवमत्स्य:
गेले काही महिने मी फिनिक्स लँडरची छायाचित्रे क्रमाने पाहत आहे. रात्रीच्या जेवणानंतर एक सोल, म्हणजे मंगळावरचा एक दिवस, असा नेम ठेवला आहे. २५ मे २००८ रोजी हे यान ६८ अंश उत्तर अक्षांशावर उतरले तेव्हा तेथे ऐन उन्हाळा जवळ आला होता आणि पहिले ऐंशीएक सोल सूर्य मावळतच नव्हता. मध्यरात्रीही तो क्षितिजाच्या जरासा वर असे. काल मी ७९व्या सोलपाशी, म्हणजे १४ ऑगस्टपाशी पोहोचलो. सकाळी सहाच्या सुमाराच्या चित्रात खड्यांच्या आडोशाला आणि जमिनीतल्या बहुकोनी खाचांमध्ये निळसर पांढरा थर दिसतो, आणि ऊन चढू लागले की तो विरतो. चित्रातले रंग मुद्दाम उठावदार केलेले आहेत हे ठाऊक असूनही ते बंद करून उठायला मला बराच वेळ लागला.

जाणकारांना विचारायचे ते असे. हे दहिवर, म्हणजे गोठून बसलेला हा पातळ थर, पाण्याचे आहे, कार्बन डायऑक्साइडचे नाही, हे कशावरून ठरवले? आणि ९० सोलसाठी पाठवलेले यान दीडशे सोलपर्यंत काम करत राहिले, तर त्याला हिवाळा काढता येईल अशी सोय आधीच का केली नाही? मंगळावर आधी उतरलेल्या व्हायकिंग २ या यानाने १९७७ आणि १९७९ अशा दोन हिवाळ्यांत दहिवर टिपले होते, म्हणून हा प्रश्न अधिकच छळतो.

शीतरेषा:
पहिल्या शंकेचे उत्तर तापमापकात आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ८ मिलिबार होता, आणि एवढ्या दाबाला कार्बन डायऑक्साइड गोठायचा तर पारा उणे १२० अंश सेल्सिअसच्याही खाली जावा लागतो. ऑगस्टमधल्या रात्री उणे ८० अंशांच्या आसपास होत्या. त्यामुळे त्या पहाटे जमिनीवर जे बसले ते हवेतल्या पाण्याच्या वाफेचेच असणार. ती वाफ अत्यल्प असते, म्हणून थरही अगदी पातळ असतो आणि न वितळता थेट वाफ होऊन उडून जातो.

आपण मागे जाऊन सोल २० आणि सोल २४ ची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. यांत्रिक हाताने खणलेल्या 'डोडो-गोल्डिलॉक्स' या चरात डावीकडे सावलीत फाशाएवढे काही पांढरे तुकडे पडलेले दिसतात आणि चार सोलनंतर ते तेथे नाहीत. मीठ असते तर ते उडून गेले नसते, आणि कार्बन डायऑक्साइडचा बर्फ असता तर त्या तापमानाला चार दिवस टिकला नसता. ज्यासाठी यान पाठवले ते पाणी जमिनीखाली जेमतेम पाच सेंटिमीटरवर होते!

यानावरच्या छोट्या प्रयोगशाळेतला पुरावा मिळवताना मात्र फार कष्ट पडले. तेथली माती चिकट निघाली. पहिला नमुना भट्टीच्या जाळीवरच अडकून बसला आणि जाळी पुन्हा पुन्हा हलवल्यावर, कित्येक दिवसांनी, आत उतरला. पुढे बर्फमिश्रित माती उचलली तर ती हाताच्या खोऱ्यालाच चिकटून राहू लागली. शेवटी दोन दिवस उघड्यावर राहून थोडी कोरडी झालेली माती भट्टीत पडली, आणि ती तापवताना शून्य अंशाला बर्फ वितळल्याची खूण मिळाली. ही बातमी ३१ जुलै २००८ रोजी जाहीर झाली. त्याआधी कक्षेतल्या यानांनी बर्फाचा अंदाज बांधला होता. येथे तो हाताने उचलून तपासला गेला.

मेपलछाया:
मी एडमंटनला राहतो, त्यामुळे या यानावरच्या कॅनडाने दिलेल्या हवामान केंद्राविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. त्या केंद्रात लेझरचे स्पंद सरळ वर सोडून ढगांवरून आणि धुळीवरून परतणारा प्रकाश मोजणारे लायडार होते. सोल ९९ च्या पहाटेच्या नोंदींत सुमारे चार किलोमीटर उंचीवरच्या ढगांतून तिरप्या रेघा खाली ओघळताना दिसतात. त्या रेघा म्हणजे पडणारे हिमकण. सप्टेंबर २००८ मध्ये हे प्रथम जाहीर झाले तेव्हा हे कण वाटेतच उडून जातात असे सांगितले गेले होते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या सविस्तर अभ्यासात मात्र उत्तररात्री ते जमिनीपर्यंत पोहोचत असावेत असा निष्कर्ष निघाला. म्हणजे आपण पाहत आहात ते पांढरेपण नुसते जमिनीलगतच्या वाफेचे नाही, ऋतू पुढे सरकतो तसा त्यात वरून पडलेल्या कणांचाही वाटा आहे.

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत, आकाश निरभ्र असतानाही, सकाळच्या उन्हात बारीक हिमकण चमचमत खाली येतात आणि कोटाच्या बाहीवर क्षणभर दिसून नाहीसे होतात. मंगळावरच्या हिमवर्षावाची कल्पना करताना मला हेच आठवते.

तिसरा प्रहर:
दुसऱ्या शंकेविषयी लिहितो. व्हायकिंग २ साधारण ४८ अंशांवर होते, जेथे हिवाळ्यातही सूर्य रोज उगवतो, आणि त्याची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेपासून येत होती. फिनिक्स केवळ सौर पॅनेलवर चालत होते. रद्द झालेल्या २००१ सालच्या मोहिमेचा सांगाडा वापरून, मर्यादित खर्चात ते उभे केले होते; राखेतून पुन्हा उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचे नावही त्यावरूनच पडले. शिवाय पाण्यासाठी ध्रुवाजवळच जायला हवे होते, आणि ध्रुवाजवळ गेले की तीन महिन्यांची रात्र ओघानेच आली. आपण याला उणीव म्हणाल, मी म्हणणार नाही. ऊबदार जागी उतरून वर्षानुवर्षे टिकणारे यान हा बर्फ पाहूच शकले नसते.

शेवटचे सोल सावकाश पाहा. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्रीचे तापमान उणे ९६ अंशांपर्यंत आणि दिवसाचे उणे ४५ पर्यंत उतरले होते, रोजची वीज घटत होती आणि त्यातच धुळीचे वादळ आले. वीज वाचवण्यासाठी एकेक तापक बंद करायचे ठरले. आधी यांत्रिक हाताचा तापक गेला, परंतु तो हात मोकळा ठेवला नव्हता. त्याच्या टोकावरच्या सुया मातीत खुपसून ठेवल्या होत्या, म्हणजे हात थिजला तरी मातीची मोजमापे मिळत राहावीत. ज्याने कोणी हे सुचवले असेल त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. शेवटचा संदेश २ नोव्हेंबर २००८ रोजी आला आणि १० नोव्हेंबरला मोहीम संपल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे त्या दिवसांत २२ ऑक्टोबरला सुटलेल्या चांद्रयान-१ कडे सगळ्यांचे डोळे लागले होते, त्यामुळे ही बातमी मी स्वतः फार उशिरा वाचली.

वीज परत मिळाल्यास यानाने आपणहून जागे होऊन हाक द्यावी अशी तजवीज मात्र केलेली होती. २०१० च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत ओडिसी हे कक्षेतले यान त्या जागेवरून दोनशेहून अधिक वेळा कान देऊन गेले. उत्तर आले नाही. नंतर वरून घेतलेल्या छायाचित्रात फिनिक्सची सावली पूर्वीपेक्षा आखूड दिसली. हिवाळ्यात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाच्या भाराने एखादे पॅनेल मोडले असावे असा त्याचा अर्थ लावला गेला. आपण पहिल्या प्रश्नात ज्याची शंका घेतलीत ते दहिवर पुढे तेथे आलेच, फक्त ते टिपायला तेव्हा कॅमेरा चालू नव्हता.

ध्रुवमत्स्य:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री सोल २० आणि २४ ची चित्रे शेजारी लावून पाहिली. ते तुकडे सापडले, आणि मग ते नाहीत हेही सापडले. एका मोठ्या खड्याच्या सावलीवरून जागा जुळवावी लागते, नाहीतर नजर चुकते. उद्यापासून पुन्हा ८०व्या सोलपासून पुढे जातो. ९९ वर पोहोचलो की लायडारच्या नोंदींविषयी मेपलछाया यांना पुन्हा त्रास देईन.