गाडीतच झोपायचं-राहायचं आहे, कोणती गाडी घ्यावी?

प्रश्न:
आम्ही दोघं नवरा-बायको. दोघांचंही काम लॅपटॉपवर, म्हणून वर्षातला बराच काळ गाडीतच राहायचं ठरवलंय. माझी उंची १८० सेंमी, हिचे गुडघे दुखतात. मोठी एसयूव्ही घेऊन मागच्या सीट काढाव्यात, की सामानाची व्हॅन घेऊन आतून करून घ्यावी? एसयूव्ही चालवायला सोपी, कुठेही लावता येते, म्हणून मन तिकडे ओढतंय.

प्रतिसाद १:
दोन-तीन रात्रींपुरतं असतं तर एसयूव्ही चालली असती. राहायचं म्हटलं की व्हॅनच, आणि तीही उंच टपाची. मी व्हॅनमध्येच राहतो, म्हणून ठासून सांगतो. बाकी अडचणींवर तोडगा निघतो, पण रोज वाकून पँट चढवणं अंगवळणी पडत नाही. पावसाची झड लागली की दिवस दिवस आतच काढावा लागतो, तेव्हा सरळ उभं राहता येण्याची किंमत कळते. वहिनींच्या गुडघ्यांसाठी तर इथे तडजोड नकोच.

फियाट डुकाटो या व्हॅनच्या मधल्या उंचीच्या मॉडेलमध्ये आत साधारण १९३ सेंमी मिळतात. तळाचं प्लायवूड, इन्सुलेशन (उष्णता-थंडी अडवणारा थर) आणि छताचं पॅनेल यात सात-आठ सेंमी सहज जातात. तरी तुमच्या डोक्यावर दोन-तीन बोटं उरतील.

आता पलंग. आडवा टाकला तर जागा वाचते हे खरं, पण डुकाटोची आतली रुंदी १८७ सेंमी, मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनची त्याहून कमी. भिंतींना इन्सुलेशन लावलं की तुमचे पाय पत्र्याला टेकणार. शिवाय आतल्या बाजूचा माणूस रात्री उठला की दुसऱ्याला ओलांडूनच बाहेर. म्हणून लांबीत दोन सुटे पलंग आणि मधून वाट ठेवा. खाली सामान मावावं म्हणून बरेच जण पलंग छातीएवढा उंच करतात. तुम्ही तो खुर्चीएवढाच ठेवा, ४५ सेंमीच्या आसपास. वहिनींना बसून उठता आलं पाहिजे.

सौदा पक्का करण्याआधी सतरंजी घेऊन जा, रिकाम्या व्हॅनमध्ये अंथरा, दोघंही आडवे व्हा, कूस बदलून बघा. विकणारा ताटकळला तर ताटकळू दे.

प्रश्नकर्ता:
सुटे पलंग डोक्यातच आले नव्हते! उकाड्यात इंजिन चालू ठेवून एसी लावला तर चालेल का?

प्रतिसाद १:
अजिबात नको. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, झोपेत माणसाला जाग येत नाही. त्याचा अलार्म पहिल्या दिवसापासून आत हवाच. टपावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि खालून हवा यायला फट ठेवा. थंडीतही ती बंद करू नका. दोघांच्या श्वासातली वाफ रात्रभर पत्र्यावर साचते आणि गादी खालून ओली होते. पलंगाला सलग प्लायवूड न ठोकता मध्ये फटी सोडून पट्ट्या लावा.

प्रतिसाद २:
वजनाचा हिशेब आधी करा. गाडीच्या कागदांवर कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं त्यात फर्निचर, बॅटरी, पाणी आणि तुम्ही दोघंही आलात. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो. टाकी शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, तळाशी बसवा. मागे टोकाला नको. काम झाल्यावर टाकी भरून वजनकाट्यावर गाडी नेऊन या.