घरी केलेला काटेरी हलवा: तुमच्या आठवणी

निळाई:
आज बाजारात हलव्याच्या दागिन्यांची पाकिटं टांगलेली दिसली आणि आजीची शेगडी आठवली. पहाटेची थंडी, मंद निखाऱ्यावर पितळी परात, परातीत तीळ. चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर तिळांचे गोळे होतात, म्हणून घाई अजिबात नाही. रोज थोडं थोडं करत काटा फुलायचा. विकतच्या हलव्याला तशी धार नसते, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याकडे कोण करायचं? लिहा ना.

रानजाई:
आमच्याकडे खसखशीचा! साबुदाण्याचा त्यामानाने सोपा. मामी करायची, बोटं लालेलाल व्हायची तिची. मध्येच ओल्या फडक्याला पुसायची, कोरडी करायची की परत सुरू. कधी कुरकुर नाही केली.

गोदाकाठ:
आभाळ आलं की आई परात आवरायची. दमट हवेत काटा धरत नाही. आणि पाकाची मळी काढायला दूधच, लिंबू नाही. लिंबू जास्त झालं की साखर दाणा धरायला त्रास देते.

सईची आई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. लेकीच्या बोरन्हाणाला सासूबाईंनी सगळं घरी केलं. मुकुट, बाजूबंद, बासरीसुद्धा. सुईने हलवा फुटतो, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवलेला. लेकीने बाजूबंद चोखून चोखून पार तिळापर्यंत आणला, फोटोत नुसता दोरा दिसतोय. बाकी नंतर

रानजाई:
अगं कित्ती गोड! फोटो जपून ठेव

मोरपीस:
हलवा नाही, बोरन्हाणाचंच विचारते. किती वयापर्यंत करतात? भाचा चार वर्षांचा आहे, राहूनच गेलं

गोदाकाठ:
आमच्याकडे पाचव्या वर्षापर्यंत करतात, कर बिनधास्त. बोरं लहान बघून घे, डोक्यावर लागत नाहीत. उसाचे करवे, चुरमुरे, हलवा. काळं झबलं शिवलंस का?

मोरपीस:
ताई शिवतेय 🙂 थँक्यू

सईची आई:
आले परत. निळाई, यंदा तू कर ना हलवा

निळाई:
करायचाच आहे गं. पण शेगडी कुठून आणू? गॅसवर जमेल?

गोदाकाठ:
जमतं. जाड तव्यावर परात ठेव, गॅस अगदी बारीक. परात हाताला सोसेल इतकीच तापू दे, नाहीतर साखर सुटून पिठी होते. पंखा बंद. आणि आधी मूठभरच तीळ घे.