फीडमुळे तुमच्या साइटवर माणसं येतात का? अनुभव सांगा

फीड म्हणजे साइटवरचे नवे लेख वाचकाच्या 'रीडर' ॲपमध्ये आपोआप पोचवणारी यादी, तिचा नेहमीचा प्रकार आरएसएस. गूगलचं असंच ॲप, गूगल रीडर, १ जुलै २०१३ला बंद झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी आरएसएसचं तेरावंही उरकून टाकलं. माझ्या साइटवर मात्र अजूनही रोज सकाळी पाच-पंचवीस मंडळी फीडली नि इनोरीडर या रीडरांमधून येतात. तुमच्याकडे काय? फीडमध्ये अख्खा लेख देता, की चार ओळी दाखवून बोलावता? फसलेलंही लिहा, तेच जास्त कामाचं.

चिंचगुळ :
माझी पाककृतींची साइट. वर्डप्रेसमध्ये फीडसाठी 'पूर्ण मजकूर' की 'सारांश' असं विचारतात. मी सारांश निवडला. म्हटलं, पुढचं वाचायला झक मारत साइटवर येतील! पण सारांश म्हणजे लेखाचे पहिले ५५ शब्द, आणि माझ्या लेखाची सुरुवात कायम आजीपासून. त्यामुळे फीडमध्ये पुरणपोळीऐवजी नुसतं आजीपुराण. शेवटी एका काकूंची मेल आली, "अगं, डाळ किती घ्यायची ते कळायच्या आत तुझा लेख संपतो."

मग पूर्ण मजकूर सुरू केला. महिनाभर साइटवरचे आकडे खाली आले, कारण लोक रीडरमध्येच वाचून मोकळे. पण "कटाची आमटी कधी?" अशा मेल यायला लागल्या, त्या आधी नव्हत्या. आणखी एक झालं. कुणीतरी फीडमधून माझे लेख जसेच्या तसे उचलून स्वतःच्या साइटवर लावायला सुरुवात केली. चार दिवस जळफळाट! मग प्रत्येक पाककृतीत माझ्याच जुन्या दोन-तीन पाककृतींचे दुवे घालायला लागले. पठ्ठ्याने तेही उचलले. आता त्याच्याकडूनही माणसं येतात.

गिअरबॉक्स :
साइट ठणठणीत, फीड मेलेली. तीन आठवडे पत्ता नाही. थीमच्या फाइलीत पीएचपी कोडच्या सुरुवातीच्या खुणेआधी एक रिकामी ओळ राहिली होती. पानाला त्याचं काही वाटत नाही, पण फीड असते एक्सएमएल या भाषेत, आणि तिची घोषणेची ओळ अगदी पहिल्या अक्षरापासून लागते. काहीही बदललंत की डब्ल्यू३सीच्या व्हॅलिडेटरमध्ये (चुका दाखवणाऱ्या तपासनीसात) फीड टाकून बघाच.

आडवाट :
डोमेन बदलताना डेटाबेसमध्ये 'शोधा-बदला' चालवलं, त्यात प्रत्येक लेखाची जीयूआयडी, म्हणजे रीडर ज्यावरून लेख ओळखतो ती खूणसुद्धा बदलली. रीडरला वाटलं, दहाही लेख नवेकोरे. वाचकांना जूनमध्ये दिवाळी अंकाची घोषणा! दोघांनी फीड काढूनच टाकली.

रानमेवा :
आमचं ट्रेकचं पॉडकास्ट, म्हणजे तीही आरएसएसच. फीड स्वतःच्या डोमेनवर ठेवली, म्हणून होस्टिंग बदललं तरी ऐकणारे तुटले नाहीत.

आडवाट :
धागाकर्ते, तुमच्या साइटवर ते फीडचं नारिंगी बटण दिसत नाहीये हो.

धागाकर्ता :
अरेच्चा! थीम बदलताना उडालं वाटतं. फीड चालू आहे, पत्ता रीडरमध्ये टाकलात की आपोआप सापडेल. बटण रात्री लावतो.